आपा, दुकान बंदच होतं

आपा, तू गेल्यावर आज पहिल्यांदाच मी तुझ्या दुकानाचं शटर वर केलं, आणि आत शिरल्या शिरल्या तुझ्याशी भांडायला लागले. जुनी सवय. शिलाई मशीनवर तुझा चष्मा होता, खुर्चीत तुझी चपटी झालेली उशी होती, आणि मी उभ्याउभ्याच म्हणाले, "हे काही बरं केलं नाहीस." पुढचं वाक्य तुझं असायचं. ते आलं नाही. मग मी त्या उशीवर बसून पोटभर रडले, आणि रडून झाल्यावर झाडू घेतला. कुवेतमधल्या या अब्बासियातली धूळ कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही. तूही नुसतं रडणाऱ्या माणसाला फार वेळ बसू देत नसायचीस.

तुझ्या नवऱ्याचा, हमीदभाईंचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते, जाब्रियाच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये. तुझ्या छातीत दुखायला लागलं म्हणून तुला घराजवळच्या हॉस्पिटलात नेलं होतं. मी टॅक्सी करून पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. सुलैबिखातच्या कब्रस्तानात पुरुष मंडळी गेली, आम्ही बायका तुझ्या घरी बसलो. माझ्या रेवाला तू मराठी शिकवायच्या नादात रत्नागिरीची बोली शिकवून ठेवलीस, तरी ती उत्तर इंग्रजीतच देते. ती मला म्हणाली, "आई, व्हाय आर यू अँग्री विथ हर?" मी म्हटलं, आपा वाद अर्धा टाकून गेली. तर म्हणते, "विच वन?" पोरीचंही बरोबर आहे. आपले वाद काय थोडे होते?

पण एकच वाद खरा होता. बाकीचे आपण जीभ घासून ठेवण्यापुरते घालायचो. तो खरा वाद मी आज इथे बसून पुरा करणार आहे. तुला मधे बोलता येणार नाही, याचा फायदा घेणार आहे.

तुला आपली पहिली भेट आठवते? मी नांदेडहून नवीनच आलेली, इकाम्याचे, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचे, कागद घेऊन सरकारी ऑफिसच्या रांगेत उभी. खिडकीतल्या माणसाने माझे कागद चाळले आणि मान हलवून म्हणाला, "माफी." मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे, उशीर झाला म्हणून माफी मागतोय. मी म्हटलं, "कोई बात नहीं," आणि बाकावर जाऊन बसले. बसून राहिले. मागे रांगेत काळ्या अबायातली एक बाई तोंडावर हात धरून हसत होती. मग ती माझ्याजवळ आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "तो माफी मागत नाय गो. हितं माफी म्हंजे नाय. तुजा कागद नाय, तुजं काम नाय, घरी जा." मला इतकी लाज वाटली की मीही हसले. त्या दिवशी तू मला तुझ्या दुकानात आणून चहा पाजलास, आणि आपण एकाच इमारतीत राहतो हे मला तिथे कळलं. तुझं दुकान तळमजल्यावर, तुझं घर पहिल्यावर, माझं तिसऱ्यावर. त्यानंतर तू मला बरीच वर्षं याच गोष्टीवरून चिडवलंस. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माप, मग माझी माफीची गोष्ट.

तेव्हा मी तुला अहो-जाहो करत होते. त्याचं "अगं तुगं" कधी झालं ते मात्र मला पक्कं माहीत आहे. सगळं बंद झालं त्या उन्हाळ्यात.

आधी विमानं बंद झाली, मग शाळा, मग सरकारी ऑफिसं. इकामे लटकले, पगार लटकले, कुणाचं बाळ जन्मलं तर त्याचा दाखला लटकला. जिथे फोन करावा तिथे माफी. दुकानं बंद करायचा हुकूम आला आणि तू शटर ओढलंस. मशिदीही बंद झाल्या, हमीदभाई घरातच नमाज पढायला लागले. मग एक दिवस अब्बासियाभोवती काटेरी तारा आल्या, नाक्यावर पोलीस आले, आणि आतला माणूस आत, बाहेरचा बाहेर. आत-बाहेर करायची ती फक्त हॉस्पिटलची बस. त्या बसमध्ये मी असायचे, नर्सेस असायच्या, आणि मागच्या सीटवर सफाईच्या बायका असायच्या. सगळं बंद असलं तरी हॉस्पिटलच्या फरशा काही स्वतःहून पुसल्या जात नाहीत.

त्यातली एक सुनंदा, जालन्याची. कंत्राटदार कंपनीची नोकरी, काम सरकारी हॉस्पिटलात. आपल्या मागच्या इमारतीत एका खोलीत पाच-सहा बायका राहायच्या, त्यातली ही एक. बसमध्ये ती कुणाच्या अंगाला अंग लागू द्यायची नाही, इतकी ती स्वतःच घाबरलेली. एका दुपारी मी बसमधून उतरून आपल्या जिन्यात शिरले तर ही तिथे पायरीवर बसलेली, शेजारी एक बॅग आणि एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत कालचा युनिफॉर्म. "ताई, दार उघडीनात," ती म्हणाली. "शोभानं आतून कडी घातली. म्हणती, तू हॉस्पिटलातून आजार आणशील, तुझे कपडे बी आमच्या बाथरूमात धुवू नको." शोभा म्हणजे तिच्या खोलीतली सांगलीची बाई, सुपरमार्केटात पॅकिंगला होती. दोघी एका ताटात जेवणाऱ्या.

प्रश्न नुसता त्या रात्रीचा नव्हता. कंपनीने सांगून ठेवलं होतं, बसच्या वेळेला गेटवर, धुतलेल्या युनिफॉर्ममध्ये. खाडा झाला की नोकरी गेली, नोकरी गेली की इकामा गेला, आणि परत जायला विमान नाही. सुनंदाच्या घरी तिच्या पैशावर चूल पेटायची. राहायला जागा आणि कपडे धुवायला एक बादली, एवढ्यावर तिचं सगळं अडलं होतं.

मी तुझ्या दारात गेले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "माज्या घरी आण." मी म्हटलं, अजिबात नाही. हमीदभाईंना दमा. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? तू म्हणालीस, "मग तुज्या घरी?" माझ्याकडे रेवा, सासूबाई, दोन खोल्या, आणि मी स्वतः लॅबमधून यायची म्हणून आधीच बाल्कनीत झोपत होते. आपण दोघी दारात उभ्या. खाली सुनंदा पायरीवर. आणि तू एकदम म्हणालीस, "दुकान हाय ना गो."

मी तुला हुकूम वाचून दाखवल्यासारखा सांगितला. दुकान उघडलं तर दंड, लायसन जाणार, वेळ पडली तर तुम्हा नवरा-बायकोला देशाबाहेर काढणार. तू कमरेची किल्ली काढत म्हणालीस, "उगडायचं नाय असा हुकूम हाय ना? मग नाय उगडत. बंद दुकानात कोन निजलं तर दुकान उगडं कसं काय झालं? दुकान बंदच हाय." मी फक्त म्हटलं, "आपा, तू वेडी आहेस." तेव्हापासून तू.

कटिंगच्या टेबलामागे जी खोली आहे, कापडाचे तागे ठेवायची, तिथे सुनंदाचं अंथरूण पडलं. मागचं दार गल्लीत उघडायचं, तिथून ती यायची-जायची. मी नियम घातले. तोंडाला मास्क, तुझ्यात तिच्यात अंतर, डबा दारात ठेवायचा. तू मान डोलवायचीस आणि निम्मे नियम मोडायचीस. कपड्यांचं मात्र तू माझं ऐकलंस. मी सांगितलं की गरम पाणी, भरपूर साबण, आणि वर गच्चीवर कडक ऊन, एवढ्याने कपडा स्वच्छ होतो. भीती कपड्याची नाही, बंद खोलीतल्या श्वासाची आहे. तू म्हणालीस, "मग सगल्यांचेच आनूया."

आणि खरंच आणलेस. बसमधल्या बायकांना मी सांगितलं, त्यांनी आपल्या ओळखीच्यांना सांगितलं. वॉर्डातल्या आया, ॲम्ब्युलन्स धुणारा एक उत्तर प्रदेशचा माणूस, बलदियाचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, दोन झाडूवाले. सगळे पब्लिकचं काम करणारे, आणि पब्लिक त्यांच्याकडे बघून रस्ता ओलांडणारी. गाठोडी मागच्या दारात यायची, तू आणि सुनंदा मोठ्या पातेल्यात उकळायचात, मी ड्यूटी नसेल तेव्हा पिळायला. कुवेतचं ऊन एरवी आपण शिव्या घालण्यासाठीच वापरतो. तेव्हा ते कामाला आलं. शेवटचा कपडा दोरीवर टाकेपर्यंत पहिला वाळलेला असायचा. आपल्या तिघींचे हात साबणाने सोलवटले होते, आणि सांगू का, त्या उन्हाळ्यात सगळीकडे माणसं घाबरून बसलेली असताना त्या गच्चीवर मला भीती वाटायची नाही.

एक दुपार तेवढी मी विसरत नाही. तू पुढचं शटर हातभर वर केलं होतंस, वाऱ्यासाठी. आत सुनंदा तुझ्या मशीनवर एका युनिफॉर्मची उसवलेली बाही शिवत होती. मशीनचा आवाज ऐकून पोलीस आला. कोवळा पोरगा, मास्कच्या वर नुसते डोळे. त्याने अरबीत विचारलं, दुकान उघडं का? तू म्हणालीस, "मुसक्कर." बंद आहे. तो वाकून आत बघायला लागला. तेवढ्यात सुनंदाच पुढे आली, गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड, हातात सुईदोरा तसाच. मी जिन्यातून बघत होते. त्याने कार्डाकडे बघितलं, दोरीवर वाळत घालायच्या गाठोड्याकडे बघितलं, आणि विचारलं, "हॉस्पिटल?" ती म्हणाली, "हॉस्पिटल." त्याने स्वतःच्या हाताने शटर खाली ओढलं आणि चालता झाला. तू आतून मला म्हणालीस, "बगितलंस? त्यानं पन बंदच केलं."

पोलिसाने चालवून घेतलं, पण आपल्या इमारतीने घेतलं नाही. बिल्डिंगच्या ग्रुपवर सुरू झालं. हॉस्पिटलचे कपडे आमच्या डोक्यावर वाळतात, आमची लेकरं आहेत, म्हातारी माणसं आहेत. हारिसने, म्हणजे आपल्या त्या इजिप्तच्या वॉचमनने, गच्चीला कुलूप लावलं आणि हात जोडून म्हणाला, "मदाम, माफी." त्या माफीत बिचाऱ्याचे दोन्ही अर्थ होते. मी ग्रुपवर लांबलचक मराठी-हिंदी-इंग्रजी लिहिलं, साबण काय करतो, ऊन काय करतं, मी लॅबमध्ये काय काम करते. तू ग्रुपवर काहीच लिहिलं नाहीस. तू हारिसकडून चावी मागून आणलीस, फक्त माझे घरचे कपडे वाळत घालते म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी वर बघितलं तर दोरीवर एक युनिफॉर्म, मग हमीदभाईंचा नमाजाचा पांढरा कुडता, मग एक युनिफॉर्म, मग तुझी ओढणी, मग हमीदभाईंची लुंगी, मग पुन्हा युनिफॉर्म. दम्याचा माणूस, त्याचा कुडता, त्या कपड्यांना खेटून. ग्रुपवरच्या तक्रारी थांबल्या. पुन्हा कुलूप लागलं नाही. चार-सहा दिवसांनी तर चौथ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी साबणाचं खोकं दारात ठेवलं, नाव न सांगता.

मी म्हणायचे, लोक माझ्या पोस्टमुळे गप्प बसले. तू म्हणायचीस, हमीदभाईंच्या कुडत्यामुळे. हा वाद मी खिलाडूपणाने अनिर्णित सोडते. पोस्ट चांगली होती, एवढं नोंदवते.

आता खरा वाद.

तारा निघाल्या, दुकानं उघडली. सुनंदाने दुसरीकडे खोली घेतली. नोकरी एक दिवसही गेली नव्हती, याचा मला इतका अभिमान होता की मी ते ज्याला त्याला सांगत सुटायचे. आणि एके दिवशी तुझ्या दुकानात येते तर समोर शोभा. ब्लाऊज उसवून घ्यायला आलेली. आणि तू तिचं माप घेतेस. ती गेल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. जिने माणसाला भर उन्हाळ्यात दाराबाहेर बसवलं, तिच्या काखेत टेप धरायला तुझे हात कसे धजले? तू दोरा दाताने तोडलास. "तिला मी माफी दिली." मी म्हटलं, आपा, तूच शिकवलंस, इथे माफी म्हणजे नाही. तू म्हणालीस, "मग दोनी दिल्या असं समज. बाहेर बसवलंस ते चाललं नाय, ही एक. आता आत ये, ही दुसरी." आणि मग म्हणालीस, "भ्याली व्हती गो ती. भ्यालेलं मानूस वायट नसतंय."

इथेच आपलं बिनसलं. भ्यालेली तर सुनंदाही होती. तूही होतीस, रोज हमीदभाईंची छाती ऐकायचीस, मला दिसायचं. कडी घालण्यासाठी नुसती भीती पुरत नाही, वर एक हातही लागतो. मी शोभाशी बोलणं टाकलं ते टाकलं. ती दुकानात असली की मी बाहेर थांबायचे, आणि तू मुद्दाम तिला चहा द्यायचीस. इतकी वर्षं आपण हे नाटक चालवलं. तू कधी म्हणाली नाहीस की माझंच बरोबर, आणि मीही नाही. मला वाटायचं वेळ आहे. म्हातारपणी तू रत्नागिरीत मिऱ्याच्या समुद्राजवळ, मी नांदेडला, फोनवर भांडू.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही, ती सांगते. त्या दुपारी सुनंदासाठी मी तुझ्या दारात आले, तेव्हा मला आतून पक्कं माहीत होतं की तू काहीतरी करशील. म्हणून मला "नाही" म्हणता आलं. तू असल्यामुळे मला नियमाचं माणूस राहणं परवडत होतं. आता तू नाहीस, तर ते "दुकान हाय ना गो" म्हणणार कोण? या आठवड्यात मी हाच विचार करत होते, आणि उत्तर मला आवडलेलं नाही. मलाच म्हणावं लागणार.

हमीदभाई मुलाकडे गावी निघालेत. दुकान चालवायला कुणीतरी बघ, माहितीतलं, नाहीतर मालकाला परत करू, असं मला म्हणाले. मी सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, मी हॉस्पिटल सोडणार नाही, ताई, पण एक बाई आहे, तिचं सुपरमार्केट बंद पडलं, हात चांगला आहे, आपाने शेवटी शेवटी तिला कटिंग शिकवली होती. मी नाव विचारायच्या आधीच मला कळलं. तू मला पत्ता लागू दिला नाहीस हं. लबाड कुठली.

मी सुनंदाला म्हटलं, "तुला दाराबाहेर बसवलं होतं गं हिनं."

सुनंदा तशी कधी उलटून बोलत नाही. ती म्हणाली, "ताई, दाराबाहेर मी बसले व्हते. तुमी नाही. माझं भांडण तुमी अजून किती वर्सं चालवणार?"

म्हणून आज दुकान झाडलं. दुपारी शोभा आली. शटरखाली उभी राहिली, आत पाऊल टाकेना. मी तिला बस म्हटलं नाही, उगाच खोटं सांगत नाही. मी तिला उभ्यानेच सांगितलं की दुकान तुला मिळेल, मशीन मिळेल, आपाची गिऱ्हाइकं मिळतील. एक अट. पुन्हा कधी सगळं बंद झालं, ऑफिसं, रस्ते, काहीही, आणि कुणी बाई गाठोडं घेऊन मागच्या दारात आली, तर तिला आत घ्यायचं. हॉस्पिटलची असो, झाडूवाली असो, तापलेली असो. तेव्हा हिशेब करायचा नाही, मला विचारायचं नाही. जमणार असेल तर किल्ली घे.

ती हो म्हणाली नाही. आत आली, टेबलाला वळसा घालून मागच्या खोलीत गेली, जिथे सुनंदा निजायची. मला वाटलं, रडायला गेली. ती मागच्या दाराशी उभी होती, आतल्या कडीवर हात ठेवून.

"वैशालीताई," ती म्हणाली, "ही काढून टाकू का? बाहेरनं कुलूप हाय की. आतनं नको."

मी तुझ्या मशीनच्या खणात हात घातला, आणि तिला पेचकस काढून दिला.